जिभेचा उपवास

सोमवारी सकाळी सव्वाआठला जयवंताची स्कूटी माझ्यासमोरनं न थांबता निघून गेली. मी पेन्सिल चौकाच्या अलीकडं, झेरॉक्सच्या दुकानापाशी, रोज उभी राहते तितंच उभी होते, डबा काखंत, ओढणी तोंडाला. तिनं मला बघितलं न्हाय असं म्हणायची सोयच न्हाय, कारण तिनं हॉर्न दिला. रस्त्यात कुत्रं आडवं आलं की देतात तसा, बारका, एकदाच. मागचं सीट मोकळं होतं. सीटचं कव्हर फाटलंय आन् त्याच्यावर तिनं निळी चिकटपट्टी लावलीय हे मला त्या दिवशी पयल्यांदा दिसलं. आठ महिने मी त्याच्यावर बसत होते, मला कशी दिसणार. मला आधी राग आला. मला राग आधी येतो, त्याचं कारण मागनं चालत येतं. म्हणलं जा, मला काय पाय न्हाईत व्हय, आन् मी चालाय लागले. एमआयडीसीच्या रस्त्याला सकाळी मोटरसायकलींची रांग असती, एकेकावर तीन तीन जण, डबे हँडलला लटकलेले, आन् सगळे मला बघत होते असं वाटत होतं. बघत नसतील. चालत जाणाऱ्या बाईकडं कोण बघतंय. पर कंपनीच्या गेटपतोर वीस मिनिटं लागली आन् त्या वीस मिनिटांत माझा राग हळूहळू पातळ होत गेला आन् खालनं दुसरंच कायतरी वर यायला लागलं. गेटवर अंगठा लावला तवा मला ते नीट दिसलं. काल रविवार होता. काल मी प्रार्थना केली होती.

मी राजेश्वरी. एकोणिसावं लागलंय. नववीतनं शाळा सोडली, सोडली म्हंजी कुणी काढलं न्हाय, मीच परत गेले न्हाय. आमची कंपनी बारक्या पोरांचे कपडे शिवती, परदेशात जातात. मी धागेकटिंगला हाय, शिवून आलेल्या कपड्याचे लोंबणारे धागे कात्रीनं उडवायचे, दिवसभर तेच. जयवंता माझ्या पुढच्या टेबलावर चेकर. कपडा उलटासुलटा करून बघायचा, टाका सुटलाय का, डाग हाय का, आन् चूक सापडली की तिथं लाल बाणाचा स्टिकर लावायचा आन् ती चूक कसली ते शीटवर लिहायचं. तिच्यासारखा डोळा अख्ख्या फ्लोअरवर कुणाला न्हाय. कपड्यावरनं नुसता तळवा फिरवती आन् म्हणती, हितं सुई चुकलीय. बघितलं तर चुकलेली असती. पर शीट ती भरत नव्हती. शीट चहाच्या सुट्टीत मी भरत होते. ती बोट दाखवून सांगायची, हा डाग, हा टाका, ह्याची बाही वाकडी, आन् मी लिहायचे. कारण जयवंताला वाचता येत न्हाय.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी वळखलं. आग लागली तर कुठनं पळायचं त्याची नोटीस बोर्डावर लावली होती, सगळ्या बायका जमल्या होत्या, आन् सगळ्या कागदाकडं बघत होत्या, जयवंता एकटी बायकांच्या तोंडाकडं बघत होती. कोण हसतंय, कोण घाबरतंय, त्याच्यावरनं ती नोटीस वाचत होती. मग मी रविवारी मंडळीत तिच्यावर नजर ठेवली. आमची मंडळी म्हंजी आमचं चर्च, चाळीस एक माणसं, पत्र्याचा हॉल, बायका डावीकडं, बाप्ये उजवीकडं. गीत सुरू झालं की जयवंता पुस्तक उघडायची, बरोबर पान काढायची, कारण शेजारणीचं पान किती जाड हाय त्याच्यावरनं तिला अंदाज यायचा, आन् सगळी कडवी पाठ म्हणायची. पर तिचे डोळे ओळीवरनं सरकत नव्हते. एकाच जाग्यावर थांबलेले, देवळाबाहेर चप्पल राखत बसलेल्या माणसासारखे. मी तिला कायबी बोलले न्हाय. एक दिवस सुटी झाल्यावर तिनंच स्कूटी कालव्याकडंला थांबवली, इंजिन बंद केलं, आन् पाण्याकडं बघून म्हणली, "राजे, तुला कळलंय न्हवं?"

"काय?"

"काय म्हणू नको. तुझ्या डोळ्याला मी वळखती."

मग तिनं सांगितलं. तिचे वडील जोतीराम, निरवांगीचे, तवा त्यांच्याकडं मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हंजी मेंढरं आन् बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचे आन् पाऊस लागायच्या आत वर यायचे. तिचं नाव शाळेच्या हजेरीत होतं, ती मेंढरामागं होती. अकरा वर्षांची झाली तवा मेंढरं विकली, शेती धरली, पर तवर पयलीत बसायचं वय न्हाय राहिलं. लग्न ठरवताना सोपानच्या घरच्यांना सांगितलं सातवी झालीय. सोपान दुधाच्या टँकरवर डायवर हाय, त्यांचं घर आमच्या मंडळीतलं, ती लग्न होऊन मंडळीत आली. सही तिला येती, रांगोळीतल्या ठिपक्यासारखी मोजून काढती. सहा वर्षं झाली, सोपानला म्हायती न्हाय. "मला शिकीव," ती म्हणली. "पर कुणाला सांगायचं न्हाय. कुणालाच." मी म्हणलं मला मास्तर लोकांचा तिटकारा हाय. ती म्हणली, "म्हणून तर तुला सांगितलं." मग रोज सुटीनंतर अर्धा तास, कालव्याच्या कट्ट्यावर, खराब शीटच्या मागल्या कोऱ्या बाजूला. आकडे तिला सगळे यायचे. पयला सबंध शब्द तिनं वाचला तो इंदापूर, यष्टीच्या पाटीवरचा, आन् एवढ्या मोठ्यांदा वाचला की कंडक्टरनं बेल मारली, त्याला वाटलं बाईला चढायचंय. मी लई वाईट शिकवायचे. तेच अक्षर तिसऱ्यांदा चुकलं की मी पेन आपटायचे. ती म्हणायची, "तू मास्तरीण झाली असतीस तर पोरं पळून गेली असती." मी म्हणायचे, मी पळूनच आलीय की.

आता ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचं सांगते, कारण सगळं त्याच्यातच झालं. आमचे पाळकसाहेब मोहनराव, उंच, वाकलेले, आधी पोस्टात होते, त्यामुळं बोलतात ते तिकीट लावल्यासारखं मोजकं. उपवासकाळाच्या पयल्या रविवारी ते म्हणले, पोटाचे उपवास तुमी लई केले, औंदा जिभेचा करा. चाळीस दिवस. कुणाबद्दल कायबी बोलायच्या आधी एक श्वास घ्यायचा आन् स्वतःला विचारायचं, हे मी कुणासाठी बोलतोय? उत्तर आलं 'माझ्यासाठी', तर गिळायचं. गप बसा म्हणत न्हाय मी, ते म्हणले, मुक्या माणसाचा देवाला काय उपयोग? कामाचं बोला. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. साखरबाई, आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, पाठीमागनं म्हणली, "पाळकसाहेब, त्यापरीस उपाशी ठिवा." पर मला ते आवडलं. अवघड हाय म्हणूनच आवडलं. मला लोकांनी आयुष्यभर तोंड आवर म्हणलंय, पर कसं आवरायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनी तर पाना-स्क्रूड्रायव्हर हातात दिला. आन् मी ते केलं. खोटं न्हाय सांगत. कंडक्टरनं सुट्ट्यावरनं टाकून बोललं, श्वास घेतला, गिळलं. लाईनवरची छकुली माझ्या केसावरनं बोलली, तिच्या स्वतःच्या केसाबद्दल माझ्याकडं तयार वाक्य होतं, चांगलं धारेचं, गिळलं. घरी आई म्हणली, "बरं वाटत न्हाय का ग तुला?" तिसऱ्या आठवड्यात मला वाटाय लागलं की ह्या मंडळीत माझ्यासारखा उपवास कुणाचाच चालू न्हाय. साखरबाई तर तिसऱ्याच दिवशी मोडून बसली होती. मी मनात मोजत होते कोण कितीदा मोडतंय.

आन् चौथा रविवार. गीत झालं, वचन झालं, मग पाळकसाहेब म्हणले, ज्यांना कुणासाठी प्रार्थना मागायची त्यांनी मागा. आमच्याकडं असं असतं, एकेकानं डोळे मिटून मोठ्यांदा प्रार्थना करायची, नाव घेऊन, आन् सगळ्यांनी आमेन म्हणायचं. साखरबाई उठली की दहा मिनिटं. तिच्या प्रार्थनेत अख्खं गाव येतं, कुणाचं गुडघं, कुणाची नोकरी, कुणाची सून माहेरी गेलीय, देवाला पत्त्यासकट सांगती. मी आजवर कधी मोठ्यांदा प्रार्थना केली नव्हती. पर त्या दिवशी माझ्या छातीत कायतरी भरून आलं होतं. आदल्या दिवशी जयवंतानं चार ओळी अडखळत का होईना वाचल्या होत्या, माझ्या हातनं, मी शिकवलेल्या, आन् ते माझ्या पोटात मावत नव्हतं. मी श्वास घेतला. हे मात्र खरं हाय, श्वास मी घेतला. विचारलं, कुणासाठी? उत्तर आलं, जयवंतासाठी. मला वाटलं प्रार्थना हाय म्हंजी काय, ती तर देवासाठीच असती, तिला उपवास कशाला लागू होतोय. मी उठले आन् म्हणलं, प्रभू, आमच्या जयवंताताईला लिहायवाचायला येत न्हाय, ती शिकती हाय, तिला बळ दे, तिची लाज काढून टाक. असं म्हणले. तिची लाज काढून टाक. आवाज चांगला लागला होता. पत्र्याला लागून परत येत होता. चाळीस माणसं म्हणली, आमेन.

डोळे उघडले तवा ती माझ्या दोन रांगा पुढं बसलेली दिसली. मला नुसती तिची मान दिसत होती, अंबाड्याखालची. मान हलली न्हाय. साखरबाईनं पुढं सरकून तिचा हात हातात घेतला आन् थोपटला. उजवीकडं बाप्यांत सोपान बसला होता, तो खाली स्वतःच्या चप्पलकडं बघत होता. आन् मी काय विचार केला असंल? मला वाटलं तिला हलकं वाटलं असंल. बाहेर पडताना दोघी बायकांनी माझा गाल कुरवाळला, म्हणल्या, पोरगी किती छान प्रार्थना करती, कोण म्हणंल शाळा सोडलीय. मी घरी चालत गेले तवा जमिनीवर पाय नव्हता माझा. रात्री झोपबी मस्त लागली. ह्याच्यावरनं मला नंतर लई दिवस भीती वाटायची, की माणूस एवढं करून एवढं छान झोपू शकतं.

त्या सोमवारी ती टेबलावर होती, पर चहाला माझ्याकडं आली न्हाय. शीट तिनं तशीच कोरी ठेवली. मंगळवारी आलीच न्हाय. दुपारी फ्लोअरचे इन्चार्ज अविराज सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणले, "ती चेकर कुठाय? आली की केबिनला पाठव." अविराज सर म्हंजी साखरबाईचा भाचा. मला सगळं लख्ख दिसलं, कपड्यावर उजेड पाडल्यावर डाग दिसतो तसं. साखरबाईनं कायबी वाईट केलं नसणार. तिनं चहा ओतता ओतता म्हणलं असणार, अरे अवि, तुझ्याकडं ती जयवंता हाय न्हवं, तिच्यासाठी आमी प्रार्थना करतोय बघ, बिचारीला वाचता येत न्हाय. माझंच वाक्य, माझ्याच चालीत, पुढं गेलं असणार. लाईनवर कुजबूज चालू झालीच होती. छकुली म्हणली, चेकर बदलणार म्हणं, हिला परत धागेकटिंगला बसवणार. मी कात्री चालवत होते आन् मला आठवत होती नववीची तिमाही. इतिहासाच्या पेपरात मी स्वतःच्या मनानं कायतरी लिहिलं होतं, राजाच्या सैपाकघरात कोण कोण राबत असंल त्याच्याबद्दल, एक पानभर. मास्तरनं ते पान सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवलं. शब्द न शब्द माझाच होता, त्यानं त्यात एक अक्षर घातलं नव्हतं, नुसतं वाचलं, आन् वर्ग हसला. मी त्याच्या हातनं पेपर ओढला, दोन तुकडे केले, जे तोंडात आलं ते बोलले, आन् बाहेर पडले ते आजपतोर. पाच वर्षं मी समजत होते की मला त्या वर्गाचं हसणं लागलं. हसणं न्हवतं. माझी वस्तू त्यानं मला न विचारता काढून लोकांत ठेवली होती. आन् त्याच्याकडं तरी खडू होता, टेबल होतं, तो मास्तर होता. माझ्याकडं काय होतं? माझ्याकडं देव होता, आन् मी देवाला पुढं करून तेच केलं.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडं गेले. ते अंगणात सायकलीला तेल घालत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, "मीबी आमेन म्हणलं होतं. मी तवाच थांबवायला पायजे होतं." बोटाचं तेल पुसलं. "येत्या रविवारी उभी रहा आन् सगळ्यांपुढं माफी माग. साक्ष दे. मी तुझ्याबरोबर उभा राहतो." मला ते लगेच पटलं. चांगलं वाटलं ऐकायला. मी मनात वाक्यंबी जुळवाय लागले, रडू कुठं येईल तेबी ठरवलं. आन् मग मधीच, आपोआप, श्वास आला. मी काय घ्यायला गेले नव्हते. एवढ्या दिवसांची सवय, तोंड उघडायच्या आधी छाती आपसूक थांबली. कुणासाठी? चाळीस माणसं परत बसणार, मी परत उभी राहणार, परत तिचं नाव घेणार, आन् ज्या दोघातिघांनी मागच्या रविवारी दांडी मारली होती त्यांनाबी कळणार. बायका परत माझा गाल कुरवाळणार.

"न्हाय," मी म्हणलं. "मी माफी तितं मागणार न्हाय."

पाळकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांना न्हाय म्हणणारं फारसं कुणी नसतं. "का ग?"

"ते पुन्यांदा तिच्याबद्दल बोलणं हुईल. माझ्यासाठी."

ते बराच वेळ सायकलीचं चाक नुसतं फिरवत राहिले. मग म्हणले, "उपवास तू लावून घेतलास मग." आन् थोड्या वेळानं, "ती माहेरी गेलीय. सोपान सांगत होता."

बुधवारी खाडा केला. यष्टीनं जंक्शन गावाला उतरले, तितनं वडापच्या जीपनं निरवांगी. वडापमधी बारा माणसं आन् एक पिठाचं पोतं, मी पोत्यावर. सगळ्या रस्त्यानं मी बोलणं तयार करत होते. एक मोठं केलं, मग त्यातनं निम्मं काढलं. मग उरलेल्यातलंबी निम्मं काढलं, कारण जे वाक्य चांगलं वाटत होतं ते मलाच चांगलं दाखवत होतं. उसाला पाणी चालू होतं दोन्ही बाजूनं, गार वाऱ्याचा एक एक झोत आत यायचा आन् जायचा. उतरले तवा माझ्याकडं तीन शब्द उरले होते. घर सापडाय वेळ लागला न्हाय. दारात जोतीरामआबा बाजेवर बसले होते, दोन शेरडं बांधलेली, एवढीच आता उरलेली. म्हणले, "कुणाची ग तू?" मी म्हणलं, "बारामतीची, आबा. जयवंताताईच्या कंपनीतली." ती आतनं आली. हातात शेंगाचं सूप. माझ्याकडं बघितलं.

"माझं चुकलं, ताई," मी म्हणलं.

"कितीजणांनी ऐकलं?"

"चाळीस."

"आन् हितं आता कोण ऐकतंय?"

मी मागं बघितलं. आबा कान देऊन बसले होते. आमी मग गोठ्यामागं गेलो. ती शेंगा फोडत होती आन् टरफलं खाली टाकत होती, एक एक, नेम धरल्यासारखी. मला बसायला सांगितलं न्हाय, मी उभीच राहिले. "देवाला सांगायचं होतं तर सांगायचं की," ती म्हणली. "त्याला काय कमी ऐकू येतंय? मोठ्यांदा कुणासाठी बोललीस?"

मी सांगितलं. "माझ्यासाठी. तू चार ओळी वाचल्यास ते मला मिरवायचं होतं."

तिनं हात थांबवला. मला वाटतं तिची हे ऐकायची तयारी नव्हती, तिला वाटलं असंल मी तुझ्या भल्यासाठी म्हणून कायतरी बोलीन आन् मग तिला मला चांगलं झापता येईल. मग म्हणली, "तुला म्हायती हाय सोपाननं काय केलं? वरडला असता तर बरं झालं असतं. घरी आला, जेवला. सकाळी मला खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आन् तिच्यावरचं मोठ्यांदा वाचून दाखवलं. दोन चमचे, जेवणानंतर. सहा वर्षांत कधी न्हाय ते. इतकं प्रेमानं वाचलं, राजे, की मला ती बाटली भिंतीवर हाणू वाटली." तिच्या डोळ्यात पाणी आलं आन् तिनं ते शेंगाच्या हातानंच पुसलं, गालाला माती लागली. मला सांगायचं होतं, माती लागलीय. सांगितलं न्हाय.

"सरांनी तुला केबिनला बोलवलंय," मी म्हणलं. "साखरबाईकडनं कळलंय त्यांना."

"म्हंजी गेलं काम."

"मी सांगते त्यांना. मी त्यांना असं सांगते बघ की—"

"राजे." तिनं सूप खाली ठेवलं. "तू काय सांगू नको. चांगलं न्हाय, वाईट न्हाय. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर त्याला माझ्याकडं पाठीव. मी मेलेली न्हाय अजून." मी व्हय म्हणलं. मग तिनं मला पाणी दिलं, पर चहा दिला न्हाय. परत येताना वडापमधी माझ्या ध्यानात आलं की एवढ्या दिवसांच्या उपवासात मी कुणाला एकदाबी विचारलं नव्हतं की तुझ्याबद्दल बोलू का. एवढी साधी गोष्ट. हे लिहायच्या आधी मात्र मी विचारलं. तिचं नाव जयवंता न्हाय, निरवांगीबी बहुतेक न्हाय. हे नाव तिनंच निवडलं, म्हणली, जरा दणकट पायजे. आन् सोपानलाबी विचार म्हणली, त्यालाबी विचारलंय.

शुक्रवारी ती आली. अकरा वाजता दोघींना केबिनला बोलवणं आलं. काचेची केबिन, सगळ्या लाईनला आतलं दिसतं, आवाज तेवढा येत न्हाय. अविराज सर माणूस वाईट न्हाय, पर सदानकदा मोबाईल हातात आन् माणसाशी बोलताना बघणार मोबाईलकडं. ते तिला बोललेच न्हाईत. मला म्हणले, "राजेश्वरी, तुझी मैत्रीण ना ही? खरं सांग. हिला वाचता येतं का न्हाय?"

माझ्या तोंडात काय काय आलं. त्यांचे इंग्रजीतले मेल त्यांचा पुतण्या लिहून देतो हे मला म्हायती होतं. आधीची चेकर बारावी पास होती आन् तिच्या काळात एक अख्खा खोका परत आला होता, तेबी म्हायती होतं. एक एक वाक्य दाताला येऊन टेकत होतं. आन् त्यातली निम्मी खरंच तिच्या कामाची होती, ही खरी पंचाईत. आता उत्तर आलं असतं तर 'तिच्यासाठी' आलं असतं, आन् ते खोटंबी नसतं. पर तिनं सांगितलं होतं.

"तिलाच विचारा, सर. ती हितंच हाय."

"अगं पर तूच प्रार्थनेत बोललीस ना?"

"बोलले. ते माझं चुकलं. बाकी तिला विचारा."

सरांनी मोबाईल खाली ठेवला. मला वाटतं त्यांनी आठ महिन्यांत पयल्यांदा जयवंताकडं सरळ बघितलं. ती हात बांधून उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पर आवाज नीट होता. "सर," ती म्हणली, "माझ्या हातनं पास झालेला किती माल परत आला?"

सरांनी रजिस्टर ओढलं, पान उलटलं. "दोन नग."

"आठ महिन्यात?"

"व्हय."

"शीट ही भरत होती. ते चुकलं माझं. वाचायला मी शिकतीय, अजून सगळं येत न्हाय. आता शीट मीच भरीन. सावकाश भरीन, पर भरीन."

सरांनी टेबलावरची एक जुनी भरलेली शीट तिच्यापुढं सरकवली. "वाच बरं." बाहेर काचंपलीकडं छकुलीची कात्री थांबलेली मला दिसली, तिच्या शेजारणीचीबी. जयवंतानं कागद उचलला न्हाय, टेबलावरच ठेवून बोट लावलं. "डा-ग," ती म्हणली. "टा-का... टाका सु-ट-ला." मग बोट तिसऱ्या ओळीवर आलं आन् तितंच राहिलं. इस्त्री. माझ्याच अक्षरातलं. मला ते उलटं दिसत होतं, टेबलाच्या ह्या बाजूनं, तरी दिसत होतं. तो शब्द माझ्या जिभेवर पूर्ण तयार होता, नुसतं तोंड उघडलं असतं तर पडला असता. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला म्हायती न्हाय. मी दातांनी जीभ धरली, खरोखरची, चावून, तोंडात गंजल्यासारखी चव आली. भूक लागल्यावर पोट जसं आतनं ओढतं तसं काहीतरी घशाला ओढत होतं, आन् त्या अख्ख्या उपवासकाळात मला तवा कळलं की ह्याला उपवास का म्हणतात.

"हे येत न्हाय," जयवंता म्हणली. बोट उचललं न्हाय. "जोडाक्षर हाय. तीन मिळून एक हाय. तितवर अजून गेले न्हाय मी."

सर तिच्या बोटाकडं बघत राहिले. मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "महिनाभर बघू," ते म्हणले. "शीट तूच भरायची. हिनं हात लावायचा न्हाय."

"लावणार न्हाय," जयवंता म्हणली, मी न्हाय.

केबिनच्या बाहेर पाण्याचा कूलर हाय, तिथपतोर आमी दोघी चालत आलो. सगळी लाईन आमच्याकडं बघत होती आन् बघत न्हाय असं दाखवत होती. तिनं गिलास भरला, पिऊन टाकला, परत भरला.

"तुला येत होता तो शब्द," ती म्हणली.

"व्हय."

"ओठ हलले तुझे."

"हलले असतील."

"लोकांला वाटंल आपलं भांडाण हाय. खांबासारखी उभी होतीस नुसती."

मी तिच्याकडं बघितलं. "मग? हाय का भांडाण?"

तिनं गिलास उपडा घातला. पदर खोचला. "हाय की," ती म्हणली. "लई दिवस चालंल, सांगून ठेवती. पर ते आपल्या दोघींचं हाय." आन् ती तिच्या टेबलाकडं गेली. भांडाण हाय म्हणल्यावर एवढं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.